खिळा ठोकलेली फाईल

३ मार्च, सोमवार

कचेरीच्या छताने अखेर मान टाकली. शनिवारी भला मोठा पोपडा जुन्या फायलींच्या कपाटावर कोसळला. सोळा वर्षांत त्या कपाटाकडे कोणाचं तरी लक्ष गेलं, हेही नसे थोडके. आता दोन महिने डागडुजी. बाटल्या हाताळणाऱ्यांची सोय शेजारच्या शेडमध्ये, आणि माझ्यासारख्या खुर्ची उबवणाऱ्यांनी आपापल्या घरी बसायचं.

आम्ही पाणी तपासतो. म्हणजे तपासणारे वेगळे. त्यांनी काढलेल्या आकड्यांचा अहवाल बनवून पाणीपुरवठा खात्याकडे पाठवणारा प्रोग्राम माझा. मी बसलो की सगळं बसलं, असं मी म्हणत नाही. लोकांनी म्हणावं, पण तेही म्हणत नाहीत.

सकाळी साहेबांनी सगळ्यांना फोनवर गोळा केलं. घरून कचेरीच्या मशीनांपर्यंत जायला व्हीपीएन नावाचा खाजगी बोगदा तयार आहे आणि तो नेटवर्कवालीने खणला आहे, असं जाहीर केलं. नेटवर्कवाली म्हणजे ऑक्टोबरात लागलेली मुलगी. वय असेल अठ्ठावीस. जाड चष्मा आणि पाठीवर स्वतःपेक्षा मोठी बॅग. साहेबांनी तिच्यासमोरच सांगून टाकलं, "हिची सहा महिन्यांची मुदत ३१ तारखेला संपते. बोगदा नीट चालला तर कायम, नाहीतर नारळ." असं चारचौघांत बोलायची काय गरज होती? पण साहेबांना गरज आणि सवय यांतला फरक आजवर कोणी समजावलेला नाही.

मुलीने मेल पाठवली. तीसेक ओळी. पहिलीच ओळ, 'कृपया शेवटपर्यंत वाचावे.' तिथेच थांबलो. मेल शेवटपर्यंत वाचायची असती तर लोकांनी ती पहिल्या ओळीपासून नीट लिहिली असती.

४ मार्च, मंगळवार

बोगदा उघडला. इथवर ठीक. पण पलीकडे कोणी ओळखच दाखवेना.

कचेरीत चार मशीनं आहेत. नावं मीच ठेवली: नमुना, अहवाल, तिजोरी आणि बादली. (बादलीत रोजची नक्कल साठते.) मशीनांना खरं तर आकडी पत्ते असतात, नावं माणसांच्या सोयीसाठी. आकडा टाकला की अहवालपर्यंत सुखरूप पोचतो. 'अहवाल' असं नाव टाकलं की उत्तर येतं, या नावाचं कोणी नाही.

बायकोला सांगितलं. ती औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट. डॉक्टरांचं अक्षर वाचून वाचून तिला जगातलं सगळंच वाचता येतं असा तिचा समज आहे. मी म्हटलं, "अगं, नावावरून पत्ता सांगणारा एक सर्व्हर असतो. सांगकाम्या म्हण. कचेरीतली नावं फक्त कचेरीतल्या सांगकाम्याला ठाऊक. बाहेरच्याला विचारलं तर तो हात वर करणार."

"मग तुझं मशीन कुणाला विचारतंय?"

"तो प्रश्नच येत नाही. चूक त्यांच्या बाजूला आहे."

कुणाला विचारायचं हे एका फाईलमध्ये लिहिलेलं असतं, आणि ती फाईल मी स्वतः लिहिली आहे. तीन वर्षांपूर्वी घरातला वायफाय बदलला तेव्हा दर दोन दिवसांनी कोणता ना कोणता प्रोग्राम तिच्यात खाडाखोड करून जायचा. शेवटी बाहेरचा एक चांगला सांगकाम्या निवडला, त्याचा पत्ता लिहिला आणि फाईलला असा खिळा ठोकला की मशीनच्या मालकालाही तिच्यात टिंब घालता येऊ नये. तेव्हापासून कोणाची टाप नाही. लिनक्सचं हेच तर सुख. ती फाईल उघडून बघायचीसुद्धा गरज नाही.

कचेरीत विंडोजऐवजी लिनक्स चालवणारा मी एकटा. बाकी सगळ्यांचं म्हणे पहिल्या फटक्यात चाललं. चालणारच. त्यांना काय चाललंय हे कळत नाही, म्हणून चालतं.

६ मार्च, गुरुवार

दोन दिवस झगडलो. व्हीपीएनचा प्रोग्राम काढून पुन्हा घातला. राउटरला झोपवून उठवलं. केबल बदलली, जिचा या सगळ्याशी सुतराम संबंध नव्हता, पण हाताला चाळा हवा होता. अखेर नेटवर्कवालीला फोन केला. तक्रार नोंदवायला हं, मदत मागायला नाही.

"सर, मशीनच्या नोंदींत, लॉगमध्ये, काही दिसतंय का?"

"दिसतंय ना. 'ऑपरेशन नॉट परमिटेड'. तुमचा सर्व्हर मला परवानगी नाकारतोय."

"नाही सर, ती ओळ तुमच्या मशीनची आहे. आमच्याकडून नावांची माहिती येतेय, पण तुमच्याकडे ती लिहिताना..."

"माझ्या मशीनवर मी मालक आहे," मी म्हटलं. "मला कोण नाकारणार?"

ती म्हणाली, "सर, ३१च्या आत तुमचंही चालायलाच हवं. नाहीतर घरचे मला न्यायलाच येतील." आणि हसली. यात हसण्यासारखं काय होतं कोण जाणे. मी दुसरा फोन येतोय म्हणून ठेवून दिला. कोणाचाही येत नव्हता.

७ मार्च, शुक्रवार

तिची मेल आली. या वेळी खास माझ्या एकट्यासाठी. एकवीस ओळी. पहिली ओळ, 'सर, रागावू नका, पण एक विचारायचं होतं.'

रागावलो आणि बंद केली.

१० मार्च, सोमवार

तोडगा काढला! कोणाच्या उपकाराविना.

मशीनमध्ये एक छोटी यादी असते. तिच्यात आपण हाताने नाव आणि त्यासमोर पत्ता लिहून ठेवला की मशीन कोणत्याही सांगकाम्याच्या दारात जात नाही. चारही मशीनांचे पत्ते जुन्या वहीत होतेच. लिहिले. दीड मिनिटाचं काम. 'अहवाल' म्हटलं की अहवाल हजर. दुपारपर्यंत साठ नमुन्यांचे अहवाल रवाना.

संध्याकाळी सासरेबुवांना चहा घेता घेता हे ऐकवलं. ते पोस्टात सॉर्टर होते, निवृत्तीनंतर आमच्याकडेच असतात. बशीत बिस्किट बुडवत म्हणाले, "म्हणजे जावईबापू, तुम्ही पत्ते पाठ करून ठेवलेत."

"तसंच म्हणा."

"आमच्याकडेही एक होता असा. सगळं गाव त्याला पाठ. लोक घरं बदलायचे, हा आपला जुन्याच घरी पत्रं टाकायचा."

पोस्टाचा आणि नेटवर्कचा काय संबंध? पण मोठ्या माणसांना असं तोंडावर म्हणता येत नाही. दुसरं बिस्किट पुढे केलं.

या असल्या युक्त्या मी अकरा वर्षांपूर्वी इंटरनेटवर फुकट वाटत होतो. आपल्या भाषेत, सोप्या शब्दांत लिनक्सवरची साठ-बासष्ट टिपणं लिहिली होती. फाईलला खिळा कसा ठोकायचा, तेही त्यात होतं. मिळालं काय? सगळ्या मिळून तीन प्रतिक्रिया. त्यांतल्या दोन केस वाढवण्याच्या तेलाच्या. तिसरी कोणीतरी निनावी, 'धन्यवाद सर, चाललं.' एवढीच. कुत्रंही फिरकेना, तेव्हा बंद केलं. लोकांना शिकायचंच नसतं.

१४ मार्च, शुक्रवार

सगळं सुरळीत. नेटवर्कवालीची आणखी एक मेल सगळ्यांना. विषय 'शनिवारी होणारे बदल'. शनिवारी मला सुट्टी असते.

१८ मार्च, मंगळवार

आज माझी चामडी सोलून निघाली.

कालचे आणि आज सकाळचे मिळून चौऱ्याऐंशी नमुन्यांचे अहवाल खात्याकडे पोचलेच नाहीत. त्यांतले तीन नमुने शाळेच्या टाकीचे. खात्याचा अभियंता सकाळी साहेबांवर ओरडला. साहेब दहा मिनिटांनी माझ्यावर ओरडले, मधली दहा मिनिटं बहुधा पाणी प्यायला घेतली. मी शपथेवर सांगितलं, पाठवले आहेत. माझ्या पडद्यावर प्रत्येकासमोर हिरवी खूण आहे.

नेटवर्कवालीने अर्ध्या तासात ते शोधून काढले. शनिवारी तिने 'अहवाल' नव्या मशीनवर हलवलं होतं, नव्या पत्त्यावर. जुनं मशीन मागे कोपऱ्यात चालूच होतं. माझे चौऱ्याऐंशी अहवाल तिथे व्यवस्थित, रांगेत, कोणीही न उघडलेले. तिने ते पुढे ढकलले, दुपारी खात्याला मिळाले. शाळेच्या टाकीचं पाणी चांगलं निघालं, नाहीतर आज इथे वेगळंच काहीतरी लिहावं लागलं असतं. ते तीन आकडे मी चारदा तपासले.

ती म्हणाली, "सर, तुम्ही पत्ते हाताने लिहून ठेवलेत का? नाव विचारलं असतं तर मशीन आपोआप नव्याकडे गेलं असतं."

"विचारायची सोय केली असतीत तर विचारलं असतं," मी म्हटलं. "पंधरा दिवस झाले, माझ्याकडे तुमची नावं चालत नाहीत. मी माझ्यापुरता मार्ग काढला. तुम्ही मला न सांगता घर हलवलंत."

"मेलमध्ये होतं, सर."

"कुठे?"

"नवव्या ओळीत."

नववी ओळ! हिला काय वाटतं, मी पेन्शनीत निघालोय? यादीतला अहवालचा पत्ता तेवढा बदलून टाकला.

१९ मार्च, बुधवार

साहेबांचा फोन. आवाज एकदम तुपात घोळलेला, म्हणजे काहीतरी काम. "अहो, तुम्ही सगळ्यांत जुने. त्या मुलीचं ठरवायचंय. तुमचा शेरा टाका. बाकीच्यांना काय कळतंय?"

बाकीच्यांना काय कळतंय, हे साहेबांना सोळा वर्षांनी का होईना कळलं म्हणायचं.

गोपनीय शेऱ्यांचा प्रोग्रामही माझाच. एकदा टाकलेला शेरा पुसता येत नाही, बदलता येत नाही. फार तर खाली दुसरा लिहिता येतो. मी मुद्दाम तसा बांधला आहे, कोणी मागाहून दबाव आणून खाडाखोड करू नये म्हणून. साहेबांना वाचायचा कंटाळा, त्यामुळे त्यांच्या यादीत प्रत्येक माणसासमोर शेवटच्या शेऱ्याची फक्त पहिली ओळ दिसते. पुढचं वाचायला एक बटण आहे. सहा वर्षांत ते बटण किती वेळा दाबलं गेलं, याची नोंद प्रोग्राम ठेवतो. शून्य.

बावीस वर्षांपूर्वी, माझ्या पहिल्या नोकरीत, माझ्यावरही एकाने शेरा मारला होता. 'समजूत कमी.' दोन शब्द, आणि मी रस्त्यावर. त्या माणसाने मला नीट पाहिलंसुद्धा नव्हतं. त्याचा चेहरा मी विसरलो, पण ते दोन शब्द झोपेतही आठवतात.

२० मार्च, गुरुवार

शेरा टाकला. लांबण लावली नाही, आपली ती पद्धत नाही. 'कामाची समज अपुरी. जबाबदारी देण्यास योग्य नाही.'

मुद्देसूद झाला आहे.

रात्री जेवताना बायकोला ऐकवला. ती म्हणाली, "तिची ती मेल वाचलीस का तू?"

"कोणती?"

"तुझ्या एकट्यासाठी आलेली."

"चाळली."

"मी चिठ्ठ्या अशा चाळल्या असत्या तर अर्धा रस्ता आडवा झाला असता," असं म्हणून तिने ताट उचलून नेलं. माझ्या ताटात अजून होतं.

२४ मार्च, सोमवार

नेटवर्कवालीचा फोन. मला वाटलं, शेऱ्याचा सुगावा लागला. तसं काही नव्हतं.

"सर, माझी सात तारखेची मेल वाचलीत?"

"हो," मी म्हटलं. आता काय म्हणणार?

"पूर्ण?"

"हो हो."

ती म्हणाली, "मग तुम्हाला तसं वाटत नाही?"

कसं ते मला कुठे ठाऊक? "नाही," मी ठामपणे म्हटलं.

"ठीक आहे, सर. मला वाटलं होतं... ठीक आहे." तिचा आवाज जरा बसला होता, सर्दी असावी. "मी सगळी मांडणी लिहून ठेवतेय. ३१ नंतर मी नसले तर जो येईल त्याला अडचण नको."

"अहो, दुसरीकडे मिळेल. या वयात काय."

"मिळेलही. पण घरी शब्द दिलाय, सर. सहा महिने मागून घेतले होते. कायम झाले तर इथे राहायचं, नाही झाले तर परत जायचं आणि ते म्हणतील तिथे लग्न करायचं. पुन्हा सहा महिने मागितले तर कोण देणार?"

मी "हं" म्हटलं. आणखी काय म्हणायचं असतं अशा वेळी? तिचा बोगदा चालत नाही त्याला मी काय करणार? माझ्याकडे अजूनही नावं चालत नाहीत, हे सत्य आहे की नाही? आहे. मग झालं तर.

आज कामात लक्ष नव्हतं.

२६ मार्च, बुधवार

आज लिहायचं टाळणार होतो.

सकाळी दहाच्या सुमारास सासरेबुवा टेबलाशी येऊन बसले. मी हाताने लिहिलेली यादी बाजूला ठेवून पुन्हा एकदा 'अहवाल' नाव टाकून बघत होतो आणि मशीन पुन्हा एकदा ओळख नाकारत होतं. त्यांनी विचारलं, "जावईबापू, पत्र परत आलं की आम्ही आधी काय बघायचो, ठाऊक आहे?"

"पोस्टमन?"

"पाकीट. पाठवणाऱ्याने पत्ता काय लिहिलाय ते. दहातली सात पत्रं तिथेच उलगडायची. तुम्ही तुमचं पाकीट बघितलंत का?"

म्हाताऱ्याचं समाधान करावं म्हणून ती फाईल उघडली. तीन वर्षांत पहिल्यांदा. पहिल्याच ओळीत माझ्याच भाषेत, माझ्याच तोऱ्यात लिहिलेलं होतं: 'कोणीही हात लावू नये. खिळा ठोकला आहे.' खाली बाहेरच्या सांगकाम्याचा पत्ता. बस्स. दुसरं काहीच नाही.

व्हीपीएन रोज सकाळी इमानेइतबारे कचेरीतल्या सांगकाम्याचा पत्ता घेऊन या फाईलच्या दारात येत होता आणि माझा खिळा बघून परत जात होता. 'ऑपरेशन नॉट परमिटेड'. परवानगी मीच नाकारत होतो, तीन आठवडे. आणि माझं मशीन रस्त्यावरच्या परक्या माणसाला गाठून विचारत होतं, काय हो, आमच्या घरातली बादली कुठे ठेवलीय?

एका ओळीच्या आज्ञेने खिळा निघतो. काढला. हाताने लिहिलेली ती यादीही पुसून टाकली. बोगदा बंद करून पुन्हा उघडला. 'अहवाल' टाकलं. हजर. नमुना, तिजोरी, बादली, सगळी हजर, अहवाल तर नव्या पत्त्यासकट. एक मिनिटही लागलं नाही.

"झालं?" सासरेबुवा.

"झालं!" मी जवळजवळ ओरडलोच. पहिल्यांदा खरंच आनंद झाला. तो किती टिकला सांगू? त्यांनी "मग त्या मुलीला कळवा की," म्हणेपर्यंत.

२७ मार्च, गुरुवार

कालपासून मनाची समजूत घालतोय. मन ऐकत नाही, पण मीही कच्चा नाही.

एक तर, व्हीपीएनने काय ती ओळ जरा स्पष्ट द्यायला हवी होती. शिवाय तिने फोनवर जोर करायला हवा होता. करत होती, मी फोन ठेवला, हा भाग वेगळा. आणि लिनक्सवाल्यांसाठी वेगळी सूचना काढायला काय झालं होतं? काहीतरी तिचंही चुकलंच असणार. दोन्हीकडून थोडं-थोडं चुकलं असं निघालं की शेराही थोडा बरोबर ठरतो.

बायको म्हणाली, "शेरा मागे घे."

"घेता येत नाही. प्रोग्रामच तसा आहे."

"कोणत्या शहाण्याने बनवलाय?"

तिला ठाऊक होतं.

दुपारी तिची सात तारखेची मेल उघडली. कशासाठी, तर तिच्यात चूक शोधायला. लिहून ठेवतो, नाहीतर पुढेमागे मीच विसरेन की मी इतका सज्जन आहे.

एकवीस ओळी. पहिल्या सोळांत काय काय तपासलं, ते. स्वतःच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून तिने सगळं करून पाहिलं होतं, माझ्यासाठी, रात्र जागून. मग सतरावी ओळ.

'सर, तुमच्या टिपणांत फाईलला खिळा ठोकायची युक्ती होती. मी कॉलेजात ती वापरली होती आणि नंतर विसरले. दोन महिने माझीही नावं चालत नव्हती. तुमच्या मशीनवर तो खिळा अजून असेल का?'

त्याखाली, 'ही युक्ती मला आवडली होती, म्हणून चटकन आठवली. मी लिनक्स तुमच्याच टिपणांवरून शिकले. आमच्याकडे तेव्हा शिकवणारं कोणी नव्हतं. इथे अर्ज करताना तुम्ही याच कचेरीत आहात हे ठाऊक नव्हतं. पहिल्या दिवशी दारावर तुमचं नाव वाचलं. सांगायचं राहून गेलं. त्या टिपणाखाली 'धन्यवाद सर, चाललं' लिहिणारी मीच.'

पुढे दोन ओळी आहेत. डोळ्यांत पाणी आलं, त्या नंतर वाचल्या. त्यांत फक्त आज्ञा होत्या, खिळा काढायच्या.

आणि २४ तारखेला या मुलीने मला विचारलं होतं, 'तुम्हाला तसं वाटत नाही?' मी म्हटलं होतं, नाही. तिने काय समजायचं? की सरांनी वाचलं, सगळं वाचलं, आणि त्यांना काहीही वाटलं नाही.

मला माझी लाज वाटते. अगदी साध्या शब्दांत, लाज वाटते. बावीस वर्षं ज्या माणसाला शिव्या घातल्या, त्याने निदान दोन शब्दच लिहिले होते. मी सात लिहिले.

२८ मार्च, शुक्रवार

सकाळपासून दुसरा शेरा लिहीत होतो. तीन चहा, अठ्ठावीस ओळी. व्हीपीएन, खिळा, हाताने लिहिलेली यादी, चौऱ्याऐंशी अहवाल, तिचं जागरण, सगळं आलं. बायको दुकानातून दुपारी घरी आली तेव्हा तिला वाचायला दिला. ती पदराला हात पुसत उभ्या-उभ्या शेवटपर्यंत वाचत गेली. मग म्हणाली, "छान आहे रे. पण तुझी पहिली ओळ काय आहे?"

पहिली ओळ होती, 'मागील शेऱ्याच्या अनुषंगाने काही तांत्रिक बाबी स्पष्ट करणे आवश्यक वाटते.'

"तुझ्या साहेबांना एवढंच दिसणार ना?"

एवढंच दिसणार. ते बटण ते दाबणार नाहीत. सोमवारी यादी उघडतील, तिच्या नावासमोर तांत्रिक बाबी वाचतील, जांभई देतील आणि नारळ देतील. ही यादी अशी कोणी बनवली, तर मी. आणि पहिल्या ओळीपुढे न वाचणारा माणूस कसा असतो, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

साहेबांना फोन लावून बघितला. "शेऱ्यात टाका हो, तोंडी काही नको," म्हणाले आणि ठेवला.

मग ती ओळ काढली. दुसरी लिहिली. ती पुसायची सोय नाही, माझ्या निवृत्तीनंतरही ती तिथेच राहील, कोणीही उघडलं की आधी तीच दिसेल. हे सगळं माहीत असताना बटणावर बोट ठेवून पाच-सात मिनिटं बसलो होतो. सासरेबुवा पेपराआडून बघत होते.

'चूक संपूर्णपणे माझी होती, तिची नव्हती; तिला कायम करावं, आधीचा शेरा मी न बघता लिहिला.'

दाबलं.

३१ मार्च, सोमवार

साडेअकराला साहेबांचा फोन.

"अहो, हे काय लिहून ठेवलंय? सोळा वर्षांचे तुम्ही, आणि असं?"

"साहेब, खाली सगळं सविस्तर दिलंय. पुढे वाचलंत?"

"नाही. पुरेसं होतं." मग म्हणाले, "केली तिला कायम. आणि तुमचा लॅपटॉप उद्या तिच्याकडे द्या. नीट तपासून देईल. काय काय ठोकून ठेवलंय त्यात, देव जाणे."

देतो म्हटलं.

तिला फोन करायचा होता. चारदा नंबर काढला आणि चारदा ठेवला. शेवटी मेल लिहिली. खिळ्याचं लिहिलं, शेऱ्याचंही लिहिलं, आधीचा आणि नंतरचा, दोन्ही शब्दन्‌शब्द. सात तारखेची मेल सत्तावीसला वाचली हेही कळवलं. माफी मागितली. बरीच लांब झाली, ओळी मोजल्या नाहीत. ती शेवटपर्यंत वाचेल याची मात्र खात्री होती.

तीनपर्यंत उत्तर नाही. चारपर्यंत नाही. सासरेबुवा दोनदा खोलीत डोकावून गेले. मनात म्हटलं, बरोबरच आहे. कशाला देईल?

पाचला आलं. एकच ओळ.

'धन्यवाद सर, चाललं.'